साठीचं तंजावर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मुख्य देवळाला वळसा घालून नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे गेलं, की ओवरीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसू लागतात. एखाददुसरी ओळ नव्हे, दगडामागून दगड अक्षरांनी भरलेला आहे. हा भोसले घराण्याचा इतिहास. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो लिहिला आणि १८०३ मध्ये तो इथे कोरला गेला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. मराठीतला एवढा मोठा कोरीव मजकूर मी महाराष्ट्रातल्या कुठल्याही देवळात पाहिलेला नाही. तो आहे कावेरीच्या खोऱ्यात, एका चोळ राजाने बांधलेल्या शिवमंदिरात.

ही भिंत आपण पाहायची, असं मी कॉलेजात असताना ठरवलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात मराठी नाटकाचा इतिहास होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, इथून तो सुरू व्हायचा. आमच्या सरांनी मात्र त्याच्याही दीडशे वर्षं मागे नेऊन तंजावरला सोडलं. तिथे पहिले शाहजीराजे, म्हणजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव, १६८४ ते १७१२ या काळात राज्य करत होते आणि मराठीत व तेलुगूत नाटकं लिहीत होते. शिवाजी महाराजांचा पुतण्या तमिळ मुलखात बसून नाटकं लिहितो, हे ऐकून मी जी चकित झाले ती झालेच. पुढे बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, घरातली आजारपणं काढली. रजा कधी साठल्या नाहीत असं नाही, पण त्या नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेला लागल्या. तंजावर मनात तसंच राहिलं.

यंदाच्या जानेवारीत माझी साठी आली आणि निवृत्तीही. मुलांनी युरोपच्या सहलींची पत्रकं आणली. मी तंजावर म्हटलं. ‘हे’ म्हणाले, “वाढदिवस तुझा, गाव तुझं. मी येतो.” वाढदिवस सोळा जानेवारीचा, आणि यंदा नेमका त्याच दिवशी माट्टुपोंगल, म्हणजे तमिळनाडूतला बैलपोळाच. यापेक्षा चांगला मुहूर्त मला मिळाला नसता.

मुंबईहून विमानाने चेन्नई आणि तिथून एग्मोर स्थानकावरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस. पहाटे उतरलो. घाई असणाऱ्यांना तिरुचिरापल्लीचा विमानतळ जवळचा आहे, तिथून मोटारीने सव्वा-दीड तासात तंजावर येतं. गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या आणि पानांसकट उपटलेली हळदीची रोपं विकायला मांडलेली होती. पोंगलच्या मडक्याभोवती हळदीचं रोप बांधतात. दारादारांत तांदळाच्या पिठाची कोलम काढलेली. हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश, दक्षिणेचं भाताचं कोठार. सांबा हंगामाची कापणी जवळ आलेली, त्यामुळे गावाबाहेर जाल तिथे पिवळी शेतं. चोळांचं वैभव, नायकांचं वैभव, मराठ्यांचं वैभव, सगळं या भातावर उभं राहिलेलं आहे, हे तिथे उभं राहिलं की लगेच पटतं.

पहिल्या राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांहून उंच आहे. सगळं बांधकाम ग्रॅनाइटचं, आणि तंजावरच्या आसपास ग्रॅनाइटचा डोंगर नाही. दगड लांबून आणलेला आहे. आत शिरताना पहिलं गोपुर लागतं ते ‘केरळांतकन’, केरळच्या विजयाची खूण. मग ‘राजराजन’ गोपुर. त्यातून बाहेर आलं की एकदम विस्तीर्ण अंगण आणि समोर ते शिखर. दक्षिणेतल्या नंतरच्या मंदिरांमध्ये गोपुरं उंच होत गेली आणि गाभारे त्यांच्यामागे झाकले गेले. इथे अजून देवाचं घरच सर्वांत उंच आहे. मला ही रचना फार आवडली, नजर भलतीकडे जातच नाही. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं अनेक वाटाडे सांगतात. ते खरं नाही. सकाळी आणि दुपारी ती अंगणभर पडते आणि लोक त्या सावलीत बसून डबे खातात.

मी मराठी अक्षरं पाहायला आले होते, पण आधी तमिळ अक्षरांनी धरून ठेवलं. जोत्यावर चोळांचे लेख ओळीने कोरलेले आहेत. मला तमिळ वाचता येत नाही, पण त्यांत काय आहे ते मी वाचून गेले होते. राजराजाने देवाला दिलेले दागिने, सोनं, दिव्यांसाठी दिलेल्या गाई, सगळं वजनामापासह नोंदलेलं. एका लेखात तर निरनिराळ्या गावांच्या देवळांतून इथे आणून वसवलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत. कोण कुठल्या देवळातून आली, मंदिराभोवतीच्या कुठल्या गल्लीत, कुठल्या ओळीत, कितव्या घरात राहते, हे सगळं. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (हे धान्याचं माप) भात. हिशेब राखण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे त्या दगडांपुढे माझे हात आपोआप जोडले गेले. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे सामान्य बायकांचे पत्ते आज आपल्याला माहीत आहेत, ते कुणा कारकुनाने नीट लिहून घेतले म्हणून.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात चोळकाळातली भित्तिचित्रं आहेत. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळात त्यांच्यावर दुसरी चित्रं काढली गेली आणि खालची झाकली गेली. अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना १९३१ मध्ये ती सापडली. सर्वसामान्यांना तिथे जाता येत नाही, आवारातल्या दालनात छायाचित्रं लावली आहेत त्यांवर समाधान मानावं लागतं.

संध्याकाळी माट्टुपोंगल. मंडपातला अखंड दगडाचा तो प्रचंड नंदी नायककाळातला आहे. त्या दिवशी त्याला भाज्या-फळांनी आणि मिठायांनी मढवतात. वांगी, भोपळे, मुळे, काकड्या, केळी, संत्री, मुरुक्कू, सगळं माळांमध्ये ओवून त्याच्या पाठीवर, गळ्यात, शिंगांवर. नंदीचा काळा दगड जवळजवळ दिसेनासा होतो. खाली अंगणात शिंगं रंगवलेल्या खऱ्या गाई-वासरांची पूजा. गर्दी अफाट, पण रेटारेटी नाही. एका अनोळखी आजींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. माझा वाढदिवस आहे हे त्यांना कुठून कळणार! त्या सगळ्यांनाच लावत होत्या.

मराठी शिलालेखाकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, उन्हं तिरपी असताना. अक्षरांची उथळ खोदाई तेव्हाच नीट दिसते. भाषा बखरीची, वाक्यं लांबलचक. सलग वाचणं सोपं नाही, पण ‘महाराज’, ‘किल्ला’, ‘राज्य’, ‘पुत्र’ असे शब्द ओळखीच्या माणसांसारखे भेटत जातात आणि हळूहळू वाक्य जुळतं. मी बोट न लावता, पुटपुटत वाचत होते. शेजारी एक वृद्ध बाई येऊन उभ्या राहिल्या. कांजीवरम साडी, केसांत मोगरा, बोलणं मराठी. त्यांचं घराणं मराठा राजवटीत कारभारासाठी इकडे आलेल्या देशस्थांपैकी. घरात अजून मराठी बोलतात, पण लिहितात तमिळमध्ये. त्यांच्या बोलण्याला तमिळचा हेल होता, शब्दही पुष्कळ तिकडचे, आणि मधूनच एखादं इतकं जुनं रूप यायचं की ते मी फक्त पोथ्यांत पाहिलं होतं. त्यांनी मला ‘ताई’ म्हटलं, मी त्यांना ‘मावशी’. दुपारी त्यांच्या घरी जेवलो. पानात डांगर पचडी होती, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून केलेली. आपलं डांगर पचडी होऊन इथे सुखाने नांदतंय. मावशींना महाराष्ट्रात यावंसं वाटतं का, असं ‘ह्यां’नी विचारलं. पंढरपूरला जाऊन आल्या होत्या. पण आपलं गाव तंजावरच, असं त्या अगदी सहज म्हणाल्या.

हे ऐकल्यावर माझ्या मनातला शिलालेखाचा अर्थ थोडा बदलला. कॉलेजच्या वयात मी त्याच्याकडे मराठ्यांनी दूर देशी रोवलेल्या झेंड्यासारखं पाहत होते. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या आसपास तंजावर घेतलं ते तलवारीनेच. शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिणेत आले तेव्हा कोळ्ळिडम नदीकाठी, तिरुमळवाडीला, दोघा भावांची भेट झाली आणि तीही फारशी गोड झाली नाही. पण १८०३ साली जेव्हा हा लेख कोरला जात होता, तेव्हा कोरवून घेणाऱ्याच्या हाती राज्य उरलेलंच नव्हतं.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ चा. दहा वर्षांचे असताना तंजावरच्या तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं आणि लगेच तुळजाराजे वारले. गादी तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. मुलाचा सांभाळ आणि शिक्षण पाहिलं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. नंतर मद्रासला पाठवून त्यांना शिकवलं गेलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, ईस्ट इंडिया कंपनीने सगळं राज्य ताब्यात घेतलं. राजांकडे उरला किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग, वर्षाला एक लाख होन आणि महसुलातला पाचवा हिस्सा. बावीस वर्षांचा तरुण, राजा म्हणवतो, पण राज्यकारभार नाही. पुढची तेहेतीस वर्षं या माणसाने काय केलं, हे पाहायचं असेल तर राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जावं. तंजावरमधली माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जागा ती आहे, दोनशे फुटी शिखराहूनही.

ग्रंथालयाची सुरुवात नायक राजांची, मराठ्यांनी ते वाढवलं आणि सरफोजीराजांनी त्याचं सोनं केलं. आज तिथे सुमारे ४९,००० हस्तलिखितं आहेत. बहुतेक संस्कृत, मग तमिळ, मराठी, तेलुगू. ताडपत्रावरची आणि कागदावरची. मराठी हस्तलिखितं तीन हजारांहून अधिक. शिवाय मोडीतल्या राज्यकारभाराच्या कागदपत्रांचा वेगळा ढीग. १८२० च्या सुमारास राजे काशीयात्रेला गेले, तिथूनही त्यांनी ग्रंथ मिळवून आणले. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकं मागवली आणि वाचली. अनेक पुस्तकांवर त्यांची सही आहे. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं.

पाहुण्यांना आत हस्तलिखितांच्या दालनात जाता येत नाही. शेजारी एक छोटं संग्रहालय आहे, ते पाहायला मिळतं आणि तिथे फोटो काढू देत नाहीत. त्यामुळे लोक पटकन बाहेर पडतात. आम्ही बराच वेळ थांबलो. माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा शेजारी-शेजारी ठेवून काढलेली शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं, जुने नकाशे, वनस्पतींची आणि पक्ष्यांची रंगीत चित्रं. राजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली होती. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशी सगळी औषधं तपासली जात. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं तर मी कधीच विसरणार नाही. प्रत्येक रुग्णाचा आजार, उपचार आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. मोतीबिंदू कसा दिसतो, बुबुळावर कुठे डाग आहे, हे चित्रकाराने निगुतीने रंगवलेलं. राजराजाच्या कारकुनाने नर्तकींचे पत्ते लिहिले, सरफोजींच्या चित्रकाराने रयतेचे डोळे काढले. या गावाला माणसांची बारकाईने नोंद ठेवायची जुनी सवय आहे.

सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं. कोरवंजी हा तमिळ-तेलुगू मुलखातला नृत्यनाट्याचा प्रकार, त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई येते. सरफोजींची कोरवंजी भविष्याबरोबर जगाचा भूगोल सांगते, इंद्राच्या राणीला! पृथ्वीची खंडं, देश, समुद्र, सगळं गाण्यातून. भूगोल शिकवायला याहून सुंदर युक्ती मला ठाऊक नाही. १८०५ मध्ये राजांनी देवनागरी छापखाना काढला आणि तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर, ‘बालबोधमुक्तावली’, छापलं गेलं. देवनागरी लिपीतल्या मराठीच्या पहिल्यावहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक. त्याच सुमारास बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं जात होतं. म्हणजे देवनागरीत मराठी पुस्तकं छापण्याची पहाट झाली ती पुण्या-मुंबईत नव्हे, भारताच्या पूर्वेच्या बाजूला. हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे असायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

सरफोजीराजांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम दिसतो, तो त्यांनी बसवला. मराठी कीर्तनकार इकडे येत, त्यांच्यापासून तमिळ हरिकथेने साकी, दिंडी, अभंग उचलले. एका दिशेने काही गेलं आणि दुसऱ्या दिशेने काही आलं, असा सरळ हिशेब इथे मांडताच येत नाही.

राजवाड्यातलं कलादालनही चुकवू नये. चोळकाळातल्या कांस्यमूर्ती तिथे आहेत. तिरुवेंकाडूहून आलेला, १०११ सालचा वृषभवाहन शिव पाहत मी किती वेळ उभी होते कोण जाणे. डोक्याला सापांचं पागोटं, पाय दुमडून सैल उभा आणि उजवा हात नंदीच्या मानेवर टेकलेला. नंदी मात्र आता नाही. तरी हात अगदी तसाच टेकलेला. बाजूच्या दरबारात सरफोजीराजांचा शुभ्र संगमरवरी पुतळा आहे, चॅन्ट्री या इंग्रज शिल्पकाराने केलेला. आणि मंदिराजवळच्या शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये दुसरं एक शिल्प आहे: मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात हाती घेतलेले तरुण सरफोजी. आपल्या गुरूसाठी राजांनी ते लंडनला जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलं.

तिरुवैयारूला धावती भेट दिली. तंजावरपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला तिथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. आम्ही गेलो तेव्हा मांडव घालणं चाललं होतं.

आणि मग तिरुक्कडैयूर. हे गाव माझ्या यादीत नव्हतं, मावशींनी घातलं. “साठी झाली ना, मग तिथे जायलाच हवं,” म्हणाल्या. तमिळनाडूत साठावा आणि ऐंशीवा वाढदिवस करायला नवरा-बायको या अमृतघटेश्वराच्या मंदिरात येतात. मार्कंडेयासाठी शिवाने यमाला लाथेने उडवलं ते इथेच, अशी श्रद्धा आहे. तंजावरहून मोटारीने अडीच तास लागले. मंडपात एकाच वेळी कितीतरी जोडपी बसलेली. कलशांतलं पाणी मुलं-नातवंडं आईवडिलांच्या डोक्यावर ओतत होती, आजोबा आजीच्या गळ्यात पुन्हा ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधत होते. आमच्याबरोबर मुलं नव्हती. शेजारच्या कुटुंबातल्या सुनेने विचारलं आणि त्यांच्या कलशातलं पाणी आमच्याही डोक्यावर घातलं. ‘ह्यां’चे डोळे भरून आले, माझेही.

या देवळाशीही भोसल्यांचा धागा आहे. अभिरामी देवीचा एक भक्त ध्यानात असताना राजाने विचारलं, “आज तिथी कोणती?” अमावास्या असून भक्त पौर्णिमा म्हणाला. राजा संतापला. भक्ताने देवीचं स्तोत्र गायलं आणि देवीने आकाशात चंद्र दाखवला. ते स्तोत्र, ‘अभिरामी अंतादी’, आज तमिळ घराघरांत म्हटलं जातं, आणि या कथेतला राजा म्हणजे तंजावरचे पहिले सरफोजी भोसले.

तिथून आठ-दहा किलोमीटरवर तरंगंबाडी. डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये बांधलेला समुद्रकाठचा पिवळसर किल्ला तिथे अजून उभा आहे. १७०६ मध्ये आलेल्या त्सीगेनबाल्ग या मिशनऱ्याने इथे छापखाना उभारून तमिळ पुस्तकं छापली. पुढे श्वार्ट्झही इथेच आला, १७५० साली.

ज्यांना जायचं असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. एप्रिल-मेचं ऊन तंजावरला सोसत नाही. दुपारी गाभारा बंद असतो, तेव्हा मंदिरासाठी सकाळ आणि संध्याकाळ ठेवून दुपार राजवाड्यात घालवावी. कुंभकोणमजवळचं दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम ही चोळांची दोन मंदिरंही याच वाटेवर जोडता येतात. बृहदीश्वराबरोबर तीही जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आणि तुमच्यापैकी कुणाला मोडी वाचता येत असेल, तर कृपा करून ग्रंथालयाला आधी पत्र पाठवून, रीतसर परवानगी घेऊन, थोडे जास्त दिवस हाताशी ठेवून जा. तिथल्या मोडी कागदांना वाचणारे डोळे कमी पडतात. मी मोडीचा वर्ग लावला आहे. वळणं अजून हाताला बसायची आहेत, पण ‘श्री’ आणि ‘राजमान्य राजश्री’ आता ओळखता येतं.